तीन नंबरचा सेट

१२ फेब्रुवारी

ही वही हॉस्पिटलातल्या वाफखोलीची. नव्या छापील वह्या आल्या म्हणून ही रद्द झाली, आणि चांगले कोरे कागद फेकून द्यायला माझा जीव होईना. रकाने आखलेलेच आहेत: तारीख, सेट नंबर, कोणी भरला, कोणाला दिला. आज जे झालं ते असल्या रकान्यांत मावणारं नाही, म्हणून रेघा ओलांडूनच लिहितेय.

आज नातवाची सुंता झाली. नातू बारा दिवसांचा. जन्मल्यापासून कपाळाला आठी आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसणं, म्हणून घरात त्याला आम्ही मुकादम म्हणतो. सुनेला हे नकोच होतं. ती म्हणाली, "आई, मोठा झाला की त्याचं तो ठरवेल." मी म्हटलं, "आपल्या घरात सगळ्यांची झाली, कोणाचं काय बिघडलं? आणि मी त्याला काय रस्त्यावर नेतेय? माझं हॉस्पिटल, माझ्या हातचं सामान." मुलगा नेहमीसारखा दोघींच्या मध्ये उभा राहून भिंतीकडे बघत होता. शेवटी मी जिंकले. मी जिंकतेच.

दहा मिनिटांचं काम, दोन तास लागले. रक्त थांबेना. छोटा डॉक्टर घामानं निथळत बाहेर आला. नोकरीला लागून वर्ष झालं नाही, पण चालतो असा की हॉस्पिटल त्याच्या काकाचं आहे. म्हणाला, "मावशी, टाके घालावे लागले. बाळाचं रक्त पातळ असेल."

एक तर मी मावशी नाही. सत्तावीस वर्षं ऑपरेशनचं सामान धुते, जोडते, वाफेत घालते, पाकिटात भरते. मी वाफखोलीची इन्चार्ज आहे. आणि दुसरं, आमच्या घरात कोणाचं रक्त पातळ नाही.

१४ फेब्रुवारी

रक्ताचे रिपोर्ट आले. सगळं ठणठणीत. ते कागद मी छोट्या डॉक्टरच्या टेबलावर आपटले. "आता सांगा, पातळ काय आहे? रक्त की तुमचा हात?" तो मान खाली घालून दुसऱ्याच पेशंटचा कागद वाचू लागला. उलटा धरला होता.

संध्याकाळी सुनेनं विचारलं, "आई, त्या दिवशीच्या सामानाचं पाकीट कोणी भरलं होतं?" म्हटलं, दुसरं कोण भरणार? मग तिला सगळं सांगितलं: कसं घासायचं, कसं पुसायचं, वाफ नीट लागून टेपवरचे पट्टे काळे झाल्याशिवाय पाकीट मी कसं हातात घेत नाही. ती शांतपणे ऐकत राहिली. लग्नाला चार वर्षं झाली, आज पहिल्यांदा तिला माझ्या कामाचं कौतुक वाटलं. बरं वाटलं.

२४ फेब्रुवारी

लंगोट बदलताना सुनेनं हाक मारली. हाकेतच कळलं की काहीतरी बिनसलंय. मुकादम शू करत होता. एक धार समोर, जिथून यायची तिथून. आणि दुसरी, दोऱ्याएवढी, खालून. टोकाच्या खालच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढं भोक होतं.

सून रडली नाही. तिनं लंगोट बांधला, त्याला खांद्यावर घेतलं आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मीच रडले, स्वयंपाकघरात जाऊन, नळ सोडून. मग तोंड धुतलं आणि ठरवलं, त्या डॉक्टरला मी सोडणार नाही.

२६ फेब्रुवारी

मोठ्या साहेबांनी बोलावलं. हॉस्पिटलचे प्रमुख, आवाज लोण्यासारखा. एक कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं की बाळाला हे छिद्र जन्मजात होतं, आणि खाली नातेवाइकाच्या सहीला जागा.

"तुम्ही आपल्यातल्याच, मावशी. इथेच फुकटात दुरुस्त करून देऊ. उगाच कागद वाढवायचे कशाला?"

मी म्हटलं, "साहेब, पोर जन्मलं तेव्हा पहिली अंघोळ मी घातलीय. जन्माच्या फॉर्मवर तुमच्याच डॉक्टरनं लिहिलंय, सर्व अवयव ठीक. बारा दिवस एक धार, आणि तुमच्या टाक्यानंतर दोन. हे जन्मजात कसं? तो काय दुसऱ्यांदा जन्मला?"

"शांत डोक्यानं विचार करा."

"डोकं शांतच आहे. हात शिवशिवतोय, पण सहीसाठी नाही."

कागद तसाच टेबलावर ठेवून आले. माझ्यामागून दार जरा जोरातच लागलं.

३ मार्च

कामावर सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. बोलोत. चोरी मी केलेली नाही.

छोटा डॉक्टर आज एका बाईला सांगत होता की हे असं कुठेही होऊ शकतं. कुठेही होतं, पण आळशाच्या हातून जरा जास्त होतं. आमचं काम बघा म्हणावं. सुंतेचे आमच्याकडे चार सेट होते. प्रत्येकात चार तुकडे: आत बसते ती घंटी, बाहेरून भोकाची पट्टी, वर दांडा आणि पिळायचा स्क्रू. घंटी आणि पट्टीच्या मध्ये कातडी घट्ट चिमटली की कापल्यावर रक्ताचा थेंब येत नाही. मागच्या वर्षी एका सेटची पट्टी पडून वाकली आणि दुसऱ्याची घंटी हरवली. भांडारात अर्ज टाकला, उत्तर आलं, पुढच्या खेपेला. त्यांची पुढची खेप म्हणजे कावळ्याच्या लग्नाचा मुहूर्त. मग मीच दोन मोडक्या संसारांतून एक धड संसार उभा केला, चाराचे तीन झाले. घंटी ह्याची, पट्टी त्याची. नंबर झिजून गेले होते, पण मला आकडे कशाला हवेत? बोटांना कळतं. दुसरी असती तर हात वर करून मोकळी झाली असती. मी एकाही ऑपरेशनला खोळंबा होऊ दिला नाही.

सून म्हणते डोळे तपासून घ्या. डोळ्यांना काय झालंय? हल्ली छापतातच बारीक.

११ एप्रिल

आज दुसऱ्या गावच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथे एक सर्जनबाई आहेत, दुसऱ्यांनी बिघडवलेलं नीट करणं हेच त्यांचं काम. साठीच्या असतील, केस बारीक कापलेले, पायात रबरी चपला. आमच्याकडे बघायच्या आधी मुकादमशी बोलल्या. "काय हो, काय तक्रार आहे?" त्यानं आठी घातली. "बरोबर आहे तुमचं," म्हणाल्या आणि त्याला तपासू लागल्या.

बराच वेळ बघितलं. भिंग लावून बघितलं. मग हात धुऊन बसल्या.

"जन्मजात नाही. भोक टाक्याच्या रेषेवर आहे. एक टाका खोल गेलाय, लघवीच्या नळीतून."

मी सुनेकडे बघितलं, बघ, मी म्हणत नव्हते?

"पण टाका इतका खोल का घातला?" बाईंनी मलाच विचारलं.

"हात अनाडी."

"असेल. पण रक्त थांबत नव्हतं म्हणून घातला. मग रक्त का थांबत नव्हतं? रिपोर्ट तर चांगले आहेत." त्यांनी आमच्या हॉस्पिटलचा कागद उलटापालटा केला. एकच ओळ: जन्मजात छिद्र. "ह्यात मला हवं ते काहीच नाही. रक्त थांबवायला विजेनं डाग दिला होता का? धातूच्या चिमट्याजवळ वीज लावली तर मांस आत लांबवर भाजतं, वरून दिसत नाही. तसं असेल तर मी वर्षभर हात लावणार नाही, आणि झाकायला कातडी दुसरीकडून आणावी लागेल. तसं नसेल तर जखम मऊ होऊ दे, ऑगस्टअखेर तिथल्याच कातडीनं करू."

सुनेनं विचारलं, "आणि अंदाज चुकला तर?"

"पहिली शिवण उसवते. दुसऱ्यांदा शिवायला जागा कमी उरते, तिसऱ्यांदा आणखी कमी. म्हणून पहिल्याच वेळी व्हायला हवं. मला त्या दिवशी काय काय वापरलं ते कळायला हवं, आणि जमलं तर तो सुंतेचा चिमटा, म्हणजे अख्खा सेट, बघायचाय."

मी म्हटलं, "तुमच्या हातात आणून देते."

१३ एप्रिल

सापडलं! छापील वहीत काहीच नाही, पण माझी रोजची वही वेगळी असते, आणि ती मी कोणाला दाखवत नाही. १२ फेब्रुवारीला विजेचा डाग द्यायची पेन्सिल बाहेर गेलेलीच नाही. म्हणजे भाजलेलं नाही! सून ऐकून खाली बसली आणि किती तरी वेळ मुकादमचे तळवे चोळत राहिली.

त्या दिवशी दिला होता तीन नंबरचा सेट. तो मी कपड्यात गुंडाळून पिशवीत घातला. नियमात बसत नाही. न बसो. आता छोट्या डॉक्टरनं स्क्रू नीट पिळला नव्हता हे सर्जनबाईंच्या तोंडून वदवून घेते, मग बघते मोठ्या साहेबांचं लोणी कसं वितळत नाही ते.

१९ एप्रिल

एकटीच गेले. सेट टेबलावर मांडला, वही उघडून ठेवली. बाईंनी वही वाचून मान हलवली. "भाजलेलं नाही. छान. ऑगस्टअखेर करू." मग त्यांनी घंटी घेतली, पट्टीत बसवली आणि खिडकीच्या उजेडाकडे धरली.

माझ्या हातात दिलं आणि आपला चष्मा काढून तोही दिला.

घंटीच्या कडेला, एका बाजूनं, उजेड दिसत होता. नखाच्या कोरेएवढा. फिरवून पाहिलं तर दुसऱ्या बाजूला. घंटी लहान, पट्टीचं भोक मोठं. स्क्रू कितीही पिळा, तिथे कातडी चिमटणारच नाही. रक्त येणार. रक्त आलं की डॉक्टर घाबरणार, आणि घाबरलेला डॉक्टर टाका खोल घालणार.

"हा सेट कोणी जोडला?" बाईंनी विचारलं.

मी सांगितलं. आवाज माझाच होता.

"डॉक्टरनं वापरायच्या आधी बसवून बघायला हवं होतं. ते त्याचं काम आहे. पण जोडायचं..." त्यांनी पेन उचललं. "मी केसपेपरवर खरं लिहीन. घरी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. एक बाई म्हणाली, जरा बाजूला ठेवता का, मला बसायचंय. मी उभी राहिले.

२० एप्रिल

लिहायचं नाही काही.

२३ एप्रिल

सेट वाफखोलीत परत फळीवर ठेवलाय. त्याची घंटी भंगारात टाकली तर कोणाला कळणार आहे? सर्जनबाई गावाबाहेरच्या. सुनेला भाजलेलं नाही एवढं कळलंय, ती खुशीत आहे. छोटा डॉक्टर आहेच शिव्या खायला, त्याला आता सवयही झाली असेल. दोन महिने मी त्याला जे जे बोलले ते सगळं कुठे परत घेत बसू?

वही पुन्हा चाळली. तो सेट जोडल्यापासून चौदा महिन्यांत बावीस वेळा बाहेर गेलाय. एक आमचा. बाकीचे एकवीस कुठे आहेत? बहुतेकांना काही झालं नसेल. पण दोघांच्या पुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय, "जास्तीचा कापूस दिला". त्या वेळी मला एवढाच राग आला होता की कापूस फार वापरतात.

आणि सुनेला हे नकोच होतं. ते तर कुठल्याच वहीत नाही.

२६ एप्रिल

सांगितलं.

सून मुकादमची नखं कापत होती. मी समोर बसले आणि म्हटलं, "तीन नंबरचा सेट मी जोडला होता. चुकीचा जोडला होता. रक्त त्यामुळे आलं."

तिनं हातातलं बोट पुरं केलं, मग कात्री खाली ठेवली.

"वाटतच होतं मला."

"कधीपासून?"

"तिसऱ्या दिवशी विचारलं नव्हतं का तुम्हाला, पाकीट कोणी भरलं म्हणून? तुम्ही घासण्यापुसण्याचं पुराण लावलंत."

"मग स्पष्ट का नाही बोललीस?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

मी गप्प बसले. घरात मला गप्प बसलेलं कोणी पाहिलेलं नाही, मुकादमसुद्धा टकामका बघायला लागला.

ती म्हणाली, "त्याला नको म्हटलं होतं मी. तेव्हा तुम्ही म्हणालात, माझ्या हातचं सामान. आई, मला सध्या तुमच्याशी भांडायलासुद्धा जोर नाही. पण तो नीट होईपर्यंत त्याला तुम्ही उचलायचं नाही. मांडीवर घ्यायचं नाही."

मुलगा मध्ये पडला, "अगं, डॉक्टरनंही बघायला हवं होतं ना..."

मी त्याला म्हटलं, "तू माझी बाजू घेऊ नकोस. सवय नाही तुला, चुकशील."

२८ एप्रिल

चष्मा आणला. मग तिन्ही सेट बाहेर काढून एकेक तुकडा उजेडात बघितला. एक आणि दोन नंबर बरोबर आहेत. तरी तिन्ही कपाटात घातले, कुलूप लावलं, किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली. नवीन सेट आल्याशिवाय आणि प्रत्येक तुकड्यावर नंबर कोरल्याशिवाय इथे कोणाची सुंता होणार नाही. मग सगळं कागदावर लिहिलं, मी काय केलं, कधी केलं, तो सेट कुठल्या बावीस तारखांना गेला, आणि मोठ्या साहेबांच्या समोर ठेवलं.

त्यांनी वाचलं, घडी केली, खणात घातलं.

"मावशी, तुम्ही थकलात. आठ दिवस सुट्टी घ्या. तो सेट आपण बदलून टाकू. विषय संपला."

"आणि ती एकवीस पोरं?"

"तक्रार आलीय का कोणाची?"

"ज्यांना ठाऊकच नाही ते तक्रार कशी करतील?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ तुमची झाकलेली, साहेब. उघडं पडलंय ते माझं नातवंड."

ते हसले. मला वाटतं त्यांना मी खरंच थकलेली वाटत होते. मी त्या कागदाची दुसरी प्रत सर्जनबाईंना आधीच पाठवलीय, हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा मात्र हसायचे थांबले.

१५ मे

चौकशी समिती. तीन खुर्च्या, तीन पाण्याचे ग्लास, मला स्टूल. सर्जनबाईंचं पत्र आलं म्हणून घाईघाईनं बसवली. अडीच महिन्यांपूर्वी ज्यांना छिद्र जन्मजात दिसत होतं, त्यांना आज ते माझ्यामुळे झालेलं स्वच्छ दिसत होतं. डोळे सुधारायला ह्यांना चष्माही लागला नाही.

निकाल आधीच टाइप केलेला. "संपूर्ण जबाबदारी वाफखोली इन्चार्ज यांची." खाली माझ्या सहीला जागा. आज बघा, मावशीची एकदम इन्चार्ज झाले.

मी म्हटलं, "माझी चूक मी तुमच्याआधी लिहून दिलीय. ती मी नाकारणार नाही, मरेपर्यंत नाही. पण 'संपूर्ण' हा शब्द काढा. चौदा महिने भांडारानं पट्टी दिली नाही, ते लिहा. सेट वापरायच्या आधी कोणी बसवून बघितला नाही, ते लिहा. मग जन्मजात असं खोटं लिहिलं, ते कोणी सांगितलं तेही लिहा. माझा वाटा मला द्या, सगळ्यांचा नको."

"सही करणार नसाल तर आजपासून निलंबित."

"करा."

बाहेर आल्यावर छोटा डॉक्टर मागून धावत आला. "मावशी... म्हणजे, मॅडम. मी घंटी बसवून बघायला हवी होती. आम्हाला शिकवलेलं असतं ते. त्या दिवशी घाईत होतो."

"मग आत का नाही बोललास?"

"नोकरी..."

"मलाही होती. सकाळपर्यंत."

तो तिथेच उभा राहिला. मी त्याला त्या दोन महिन्यांतल्या शिव्यांबद्दल काहीतरी बोलणार होते, पण जमलं नाही. निम्म्या शिव्या अजूनही लागू आहेत, कुठल्या निम्म्या ते ठरवायचं बाकी आहे.

२ जुलै

घरी बसून दीड महिना झाला. डबे घासून झाले, पडदे धुऊन झाले, मुलगा म्हणतो आता भिंत घासू नकोस, ती पातळ होईल.

मुकादम पालथा पडतो. पुढे सरकायला बघतो आणि मागे जातो, मग चिडून जमिनीवर हात आपटतो. मी दोन हात लांब बसते. तो माझ्या दिशेनं मागे मागे येतो आणि माझ्या पायाला लागतो. मी हात पाठीमागे धरते. सून बघते. तीही आपल्या बोलण्याला पक्की आहे. आधी मला ह्याचा राग यायचा.

छोटा डॉक्टर आज घरी आला. दारातच एक कागद दिला, सहीनिशी. चिमटा तपासला नव्हता, आणि "जन्मजात" असं मोठ्या साहेबांनी सांगितल्यावर लिहिलं. चहा घेतला नाही. जाताना मुकादमकडे बघायची त्याची छाती झाली नाही. मीच म्हटलं, "बघून जा." त्यानं बघितलं. मुकादमनं आठी घातली.

२७ ऑगस्ट

आज ऑपरेशन. सकाळी सात वाजता त्याला आत नेलं. सून दारापर्यंत गेली. मुलगा व्हरांड्यात फेऱ्या मारत होता. मी बाकावर बसले. आतून सामानाची गाडी आली की कान टवकारले जायचे, चाक करकरतंय, तेल घालायला हवं. मग मनात यायचं, आत पाकीट कोणी भरलं असेल? भरणारी नंबर बघत असेल ना? उठून विचारावंसं वाटलं. विचारलंच. दारावरची नर्स म्हणाली, "आजी, बसा." बसले.

अडीच तासांनी सर्जनबाई बाहेर आल्या. मास्क खाली ओढला. "भोक बंद केलं, त्यावर आतल्या नाजूक पदराचं अस्तर चढवलं, मग कातडी. मांस सगळं जिवंत होतं, भाजलेलं काही नाही. तुमच्या वहीमुळे मला कुठे जायचं ते ठाऊक होतं." मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "दहा दिवस नळी राहील. नळी काढल्यावर एक धार आली तर जिंकलो. दोन आल्या तर वर्षानं पुन्हा."

सुनेनं विचारलं, "कितीजणांची दुसरी येते?"

"येते काहींची. मी खोटं सांगत नाही."

मुकादम शुद्धीवर आल्यावर पहिलं काम म्हणजे सगळ्या वॉर्डवर ओरडला. मी खाटेपासून चार पावलं लांब उभी होते. जवळ कोणी बोलावलं नाही, आणि मीही गेले नाही.

६ सप्टेंबर

नळी काढली सकाळी दहाला. मग वाट बघणं. दूध पाजलं, पाणी पाजलं. अकरा वाजले. बारा वाजले. सून त्याला उघडाच मांडीवर घेऊन बसलेली, खाली टॉवेल. मुलगा नळ सोडून आवाज करून बघत होता. सर्जनबाई दोनदा डोकावून गेल्या.

मी दारात उभी. मला स्वतःशी कबूल करायला हवं की मी तेव्हा बाळाचा विचार करत नव्हते. मी विचार करत होते की दोन धारा आल्या तर मी ह्या घरात तोंड कुठे लपवू. इतकी स्वार्थी आहे मी. लिहून ठेवते, म्हणजे पुढे मोठेपणा सांगायला गेले तर आठवेल.

साडेबाराला त्यानं अंग ताठ केलं, तोंड लाल केलं. आधी थेंब आले, दोन, तीन. मग थांबलं. सून म्हणाली, "दुखतंय त्याला." मग एकदम आली. सरळ, जोरात, टॉवेलच्या पार पलीकडे, मुलाच्या बुटावर.

"खालून बघा," सुनेनं मुलाला सांगितलं. तो वाकला. त्याला काही कळेना, तो घाबरलेला. तिनं वर बघितलं, दाराकडे.

"आई, तुम्ही बघा."

मी गेले. गुडघ्यावर बसले. खालची बाजू कोरडी. बोटानं नाही, डोळ्यांनी बघितलं, दोनदा. कोरडी.

"एकच आहे," मी म्हटलं.

सून तेव्हा रडली. सहा महिन्यांचं एकदम. मी तिला हात लावला नाही, फक्त टॉवेल बदलला.

११ सप्टेंबर

सुनेनं तक्रार लिहिली. हॉस्पिटलविरुद्ध, आरोग्य खात्याकडे. चार पानं, स्वच्छ अक्षर. जेवणाच्या टेबलावर माझ्यापुढे ठेवली. "वाचा. काही चुकलं असेल तर सांगा."

वाचली. पहिल्याच परिच्छेदात मी. "माझ्या सासूबाई, वाफखोलीच्या इन्चार्ज, यांनी दोन वेगळ्या मापांचे तुकडे एकत्र जोडले." पुढे भांडार. पुढे छोटा डॉक्टर, त्याच्या कबुलीसकट. पुढे मोठे साहेब आणि त्यांचा जन्मजात कागद. शेवटी मागणी: त्या एकवीस घरांना हॉस्पिटलनं स्वतः कळवावं आणि मुलं तपासून द्यावीत. माफीची मागणी कुठेच नव्हती. कोणाचीच नको होती तिला.

कुठेही मीठमसाला नाही. मला बोचावं म्हणून लिहिलेलं एक वाक्य नाही, आणि मला वाचवायला गाळलेलं एकही नाही.

मी म्हटलं, "दोन गोष्टी चुकल्यात."

तिचा चेहरा ताठ झाला. मुलानं ताटातला हात थांबवला.

"सेट बावीसदा नाही, तेवीसदा गेलाय. एप्रिलमध्ये आपण बोललो त्यानंतर, मी कुलूप लावायच्या आदल्या दिवशी, एक पाकीट गेलं होतं. मी काल वही पुन्हा तपासली. म्हणजे घरं बावीस. आणि त्या पोरासाठी पाकीट गेलं तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. आठ दिवस ठाऊक होतं. ते पण लिही."

तिनं पेन उचललं, आकडा खोडला, आणि समासात एक ओळ वाढवली. लिहिताना मला विचारून विचारून लिहिली, तारीख काय, वेळ काय. मी सांगितलं.

मुलगा म्हणाला, "आई, पेन्शन जाईल."

"जाऊ दे. साहेबांना म्हणावं, हेसुद्धा जन्मजात आहे. आमच्या घरात बायका ऐकत नाहीत."

पानाच्या शेवटी सुनेची सही होती, त्याखाली "साक्षीदार" लिहून रेघ मारलेली. मी चष्मा पुसला आणि पूर्ण नावानं सही केली, खाली हुद्दाही लिहिला. निलंबित असले म्हणून काय झालं.

सुनेनं कागद नीट जुळवले. मुकादम तिच्या कडेवर होता, पेन ओढायला बघत होता. तिनं एकदा कागदांकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे.

"मी प्रती काढून येते," ती म्हणाली, आणि त्याला माझ्या मांडीवर ठेवून गेली.